दीड लाखाचा वर्कस्टेशन लॅपटॉप हिंगोलीच्या उन्हात स्लो का पडतो? सेटिंगपासून दुरुस्तीपर्यंत सगळं सोप्या भाषेत

हिंगोली म्हटलं की आधी दोनच गोष्टी डोळ्यासमोर यायच्या. औंढ्याचा नागनाथ आणि वसमतची हळद. आता त्यात तिसरी गोष्ट आलीय, ती म्हणजे लायगो.

औंढा नागनाथजवळच्या दुधाळा शिवारात 'लायगो इंडिया' ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहतेय. ६ एप्रिल २०२३ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. एल आकारात एकमेकांना काटकोनात असलेल्या प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, त्यातून धावणारा लेझर आणि प्रोटॉनपेक्षाही हजारो पटीने लहान हालचाल पकडायची तयारी, असा हा सगळा मामला आहे.

साहजिकच जिल्ह्यातल्या पोरांना विज्ञानाचं, डेटाचं, कोडिंगचं वेड लागायला लागलंय. त्याच्या जोडीला ड्रोनने शेताची मोजणी करणारे आहेत, घरांचे थ्रीडी प्लॅन काढणारे सिव्हिल इंजिनिअर आहेत, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे आहेत. या सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो, "लॅपटॉप कोणता घेऊ?"

आणि दोन-तीन महिन्यांनी दुसरा प्रश्न येतो, "एवढे पैसे घातले, तरी हा हँग का होतो?"

आपण आज दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधणार आहोत. कारण ते कळलं की पहिल्याचं उत्तर आपोआप मिळतं. शिवाय बऱ्याच वेळा दुकानात न जाता, एक रुपया खर्च न करता काम होऊन जाऊ शकतं.

वर्कस्टेशन लॅपटॉप म्हणजे वेगळं काय?

डेलचा प्रिसिजन, एचपीचा झेडबुक, लेनोवोचा थिंकपॅड पी ही त्यातली ओळखीची नावं. दिसायला जाडजूड, वजनाला भारी आणि सोबत विटेएवढा चार्जर.

गेमिंग लॅपटॉपमध्येही तगडा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड असतंच की, मग फरक काय?

फरक तीन गोष्टींचा आहे. पहिली, वर्कस्टेशनचं ग्राफिक्स कार्ड आणि त्याचा ड्रायव्हर हे ऑटोकॅड, सॉलिडवर्क्ससारख्या सॉफ्टवेअरवर तपासून पास केलेले असतात. दुसरी, रॅम आणि एसएसडी वाढवायला जास्त जागा असते. काही मॉडेलमध्ये तर स्वतःची चूक स्वतः पकडणारी ईसीसी रॅमही मिळते. तिसरी, ही मशीन तासन्‌तास सलग काम करायला बनवलेली असतात.

थोडक्यात, गेमिंग लॅपटॉप म्हणजे शर्यतीचा बैल आणि वर्कस्टेशन म्हणजे औताचा. पण औताच्या बैलालाही मेच्या भर दुपारी नांगराला जुंपलं तर तो बसणारच.

आधी कामाचं गणित करा

लॅपटॉपचा विषय निघाला की सगळे 'आय नाइन', '३२ जीबी' असे आकडे फेकतात. पण तुमचं काम किती मोठं आहे हे कुणी विचारत नाही. आपण लायगोचंच उदाहरण घेऊ.

अमेरिकेतल्या लायगोने १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली गुरुत्वीय लहर पकडली. तिचा डेटा आज इंटरनेटवर सगळ्यांसाठी फुकट आहे. त्यातली एक छोटी फाइल ३२ सेकंदांची असते आणि त्यात दर सेकंदाला ४,०९६ नोंदी असतात. म्हणजे एकूण १,३१,०७२ नोंदी झाल्या. प्रत्येक नोंदीला ८ बाइट धरले तर फाइल होते साधारण १ एमबीची.

एक एमबी! व्हॉट्सॲपवर येणारा गुड मॉर्निंगचा व्हिडिओ याच्यापेक्षा मोठा असतो.

म्हणजे दोन कृष्णविवरांची ती ऐतिहासिक धडक तुम्ही साध्या लॅपटॉपवर पायथॉन वापरून स्वतः शोधू शकता. त्यासाठी घरच्यांना कर्ज काढायला लावायची काही गरज नाही. आणि महिनोन्‌महिन्यांचा डेटा चाळून नवी लहर शोधायची असेल, तर ते काम दोन लाखांच्या लॅपटॉपच्याही आवाक्याबाहेरचं आहे. त्यासाठी पुण्याच्या आयुका संस्थेत 'सारथी' नावाचा कॉम्प्युटर क्लस्टर आहे.

आता ड्रोनवाल्याचं बघा. २० मेगापिक्सलचा एक फोटो मेमरीत उघडला की साधारण ६० एमबी जागा घेतो. एका शिवाराचे ५०० फोटो झाले की ३० जीबी. सॉफ्टवेअर सगळे फोटो एकदम उघडत नाही, तुकड्यातुकड्याने काम करतं. तरीही ८ जीबी रॅमवर हे काम का रडतं आणि ३२ किंवा ६४ जीबीवर का पळतं, हे या एका आकड्यावरून कळतं.

म्हणून महागडं मशीन घ्यायचं की नाही, हे कामाच्या आकारावरून ठरवायचं.

खोक्यावरचा आकडा आणि मे महिना

आता मुख्य मुद्दा. लॅपटॉपसोबत येणारी तांत्रिक माहिती कुणी वाचत नाही. त्यात एक ओळ असते, 'वापरताना आजूबाजूचं तापमान'. बहुतेक कंपन्यांच्या लॅपटॉपसाठी तिथे वरची मर्यादा ३५ अंश सेल्सिअस लिहिलेली असते.

आणि मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या पुढे असतो. वर पत्रे असलेल्या खोलीत तर विचारूच नका.

याचा परिणाम काय होतो? प्रोसेसर साधारण ९५ ते १०० अंशांपर्यंत तापू शकतो. त्याच्या पुढे जायची वेळ आली की तो जळू नये म्हणून स्वतःच स्वतःचा स्पीड कमी करतो. याला म्हणतात थर्मल थ्रॉटलिंग. तुम्हाला वाटतं लॅपटॉप हँग झाला, पण तो खरं तर स्वतःचा जीव वाचवत असतो.

आता साधा हिशोब करू. गरम वस्तू किती उष्णता बाहेर टाकणार, हे ती वस्तू आणि भोवतालची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. प्रोसेसर ९५ अंशांवर आणि एसीची खोली २५ अंशांवर असेल, तर फरक ७० चा. तोच प्रोसेसर ४२ अंशांच्या खोलीत असेल, तर फरक उरतो ५३ चा. म्हणजे पंखा तेवढाच फिरतोय, मशीन तेच आहे, पण उष्णता बाहेर टाकायची ताकद पाऊणच उरली. एसीत १०० वॅट पेलणारं मशीन इथे ७५ वॅटच्या आसपास दमतं.

यूट्यूबवर ज्यांचे रिव्ह्यू बघून आपण लॅपटॉप घेतो, ते बहुतेकदा एसीच्या खोलीत बसलेले असतात. त्यांनी दाखवलेला स्पीड खोटा नसतो, पण तो तुमच्या खोलीतला नसतो.

सकाळी सहा आणि दुपारी दोनची चाचणी

लॅपटॉप स्लो होण्याचं कारण उष्णता आहे की आणखी काही, हे शोधायची एक बिनपैशाची पद्धत आहे.

तुमचं रोजचं एक जड काम घ्या. दहा मिनिटांचा व्हिडिओ रेंडर करा, नाहीतर शंभर फोटोंचा नकाशा बनवा. ते सकाळी सहाला करा आणि किती वेळ लागला तो लिहून ठेवा. मग हुबेहूब तेच काम, त्याच चार्जरवर, त्याच टेबलावर दुपारी दोनला करा.

दुपारी बराच जास्त वेळ लागला, तर दोष उष्णतेचा आहे. दोन्ही वेळा सारखाच वेळ लागला, तर उष्णतेला सोडा आणि दुसरीकडे शोधा.

आणखी खोलात जायचं असेल तर एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. ते प्रोसेसरचं तापमान आणि स्पीड दाखवतं. पहिल्या मिनिटाचा स्पीड बघा आणि विसाव्या मिनिटाचा बघा. तापमान ९५ च्या पुढे आणि स्पीड उतरलेला दिसला, की आजार सापडला.

दोष उष्णतेचा असेल तर

उपाय या क्रमाने करा, कारण सुरुवातीचे सगळे फुकट आहेत.

१. जागा बदला. गादी, उशी, मांडी बंद. बहुतेक लॅपटॉप खालून हवा ओढतात. मागची बाजू दोन बोटं उचलली तरी फरक पडतो. त्यासाठी दोन वह्याही चालतात.

२. कूलर वापरा, पण अंतर ठेवून. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात पाण्याचा कूलर खोली चांगलीच थंड करतो. फक्त त्याचा झोत थेट लॅपटॉपवर नको, कारण त्यासोबत पाण्याचे बारीक कण येतात. पावसाळ्यात हवा आधीच दमट असते, तेव्हा कूलरचा तेवढा उपयोग होत नाही.

३. धूळ काढा. वर्षभरात हवेच्या जाळीमागे धुळीची गोधडी तयार होते. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा आणि जाळीतून हवा मारा. पंखा मात्र काडीने अडवून ठेवा. ब्लोअरच्या जोरात तो भरमसाट फिरला तर खराब होऊ शकतो.

४. ताकद थोडी कमी करा. हे ऐकायला उलटं वाटेल, पण इथेच खरी गंमत आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, त्यात ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज आणि त्यात 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' हा पर्याय असतो. तो १०० वरून ९९ केला की बऱ्याच लॅपटॉपमध्ये टर्बो बंद होतो आणि तापमान झटकन खाली येतं. काही नव्या मॉडेलमध्ये हा पर्याय लपवलेला असतो. तिथे कंपनीच्या ॲपमध्ये 'कूल' किंवा 'बॅलन्स्ड' असा मोड सापडतो.

मग स्पीड नाही का कमी होणार? होईल, पण वाटतो तेवढा नाही. प्रोसेसरचा स्पीड वाढवायला व्होल्टेजही वाढवावं लागतं आणि वीज खर्च होते व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबाने. म्हणजे शेवटच्या थोड्याशा स्पीडसाठी सगळ्यात जास्त उष्णता तयार होते. तेवढा स्पीड सोडला तर वीज बरीच वाचते. धापा टाकत धावून मध्येच बसण्यापेक्षा एका चालीने चाललेलं बरं. वारीत चालणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

५. थर्मल पेस्ट. प्रोसेसर आणि त्यावरच्या तांब्याच्या पट्टीमध्ये एक लेप असतो, तो काही वर्षांनी वाळतो. वरचं सगळं करूनही तापमान उतरत नसेल तरच हे करा. आणि सवय नसेल तर कारागिराकडूनच करून घ्या.

दोष उष्णतेचा नसेल तर

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स या भागात जा आणि जड काम चालू असताना कोणता आकडा शंभराला टेकलाय ते बघा.

रॅम भरलेली असेल, तर विंडोज एसएसडीलाच रॅम समजून वापरायला लागतं आणि एसएसडी रॅमपेक्षा कितीतरी हळू असते. ब्राउझरच्या तीस टॅब बंद करा. तरीही भागत नसेल तर रॅम वाढवा. वाढवताना शक्य असेल तिथे एका मोठ्या पट्टीऐवजी दोन सारख्या पट्ट्या घ्या. त्यामुळे प्रोसेसरला मेमरीपर्यंत जायला दोन रस्ते मिळतात.

डिस्क शंभरावर असेल, तर आधी जागा बघा. एसएसडी गच्च भरली की तिचा स्पीड पडतो. साधारण पाचवा हिस्सा मोकळा ठेवा. चालू काम एसएसडीवर आणि जुनी लग्नं बाहेरच्या हार्ड डिस्कवर, असा नियम करा.

ग्राफिक्स कार्ड शून्यावर झोपलेलं असेल, तर ही वर्कस्टेशनची नेहमीची भानगड आहे. या लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतात. एक प्रोसेसरमधलं, वीज वाचवणारं आणि दुसरं एनव्हीडियाचं, ताकदीचं. कधीकधी सॉफ्टवेअर पहिल्यावरच चालत राहतं आणि तुम्ही पैसे घातलेलं कार्ड आराम करत बसतं. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स या रस्त्याने जा, तुमचं सॉफ्टवेअर निवडा आणि त्याला 'हाय परफॉर्मन्स' द्या.

सगळे आकडे खाली असूनही काम हळू होत असेल, तर एकूण आकड्याने फसू नका. काही सॉफ्टवेअर प्रोसेसरचा एकच कोअर वापरतात. सोळा कोअरपैकी एक जोरात आणि पंधरा बसलेले, असा प्रकार असतो. तिथे कितीही कोअर वाढवले तरी उपयोग नाही, एकेका कोअरचा स्पीड महत्त्वाचा ठरतो.

वीज: जिथे सगळ्यात जास्त घोळ होतो

समजा तुमच्या लॅपटॉपचा प्रोसेसर ५० वॅट घेतो, ग्राफिक्स कार्ड ९० वॅट घेतं आणि स्क्रीन, पंखे, एसएसडी मिळून ३० वॅट. झाले १७० वॅट. म्हणून या मशीनसोबत १८० किंवा २३० वॅटचा विटेएवढा चार्जर येतो.

आता तो चार्जर बिघडला आणि बाजारातून स्वस्तातला ६५ वॅटचा आणला, तर काय होईल? लॅपटॉप चालू होईल. बॅटरी चार्ज होताना दिसेल. पण जड काम सुरू केलं की प्रोसेसर स्पीड पाडेल, नाहीतर चार्जर लावलेला असतानाही बॅटरी उतरत जाईल. लोक मग विंडोज बदलतात, रॅम बदलतात, आणि दोष निघतो चार्जरचा. म्हणून चार्जरवर लिहिलेले वॅट आधी वाचा. चालू करताना कमी ताकदीच्या चार्जरचा इशारा आला, तर एंटर दाबून पुढे जाऊ नका.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावला की मुंग्या येतात, अशी तक्रार अनेकांची असते. चार्जरला तिसरी पिन असते आणि घरातल्या बोर्डाला अर्थिंगच नसतं, तेव्हा असं होतं. चार्जरमधून गळणारा अगदी बारीक करंट जमिनीत जायच्या ऐवजी तुमच्या हातातून जातो. इलेक्ट्रिशियनला बोलावून बोर्डाचं अर्थिंग तपासून घ्या. तिसरी पिन मोडून प्लग बसवू नका.

तिसरी गोष्ट लाइट येण्या-जाण्याची. लॅपटॉपचे चार्जर सहसा १०० ते २४० व्होल्टवर चालतात, त्यामुळे व्होल्टेज थोडं कमी झालं तरी फार बिघडत नाही. धोका असतो तो लाइट परत येताना बसणाऱ्या झटक्याचा आणि पावसाळ्यातल्या विजांचा. चांगला स्पाइक गार्ड लावा आणि गडगडाट सुरू झाला की प्लगच काढा. इन्व्हर्टरवर काम करत असाल तर साइन वेव्हवाला इन्व्हर्टर बरा, आणि त्याच्यावर घरातलं बाकीचं किती चालू आहे तेही मोजा.

कायम चार्जरवरच बसत असाल, तर बायोसमध्ये किंवा कंपनीच्या ॲपमध्ये बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते, ती चालू करा. उष्णता आणि फुल चार्ज ही जोडी बॅटरीची शत्रू आहे. टचपॅड वर उचलला गेला किंवा खालचं झाकण फुगलं, तर बॅटरी फुगली आहे. त्या क्षणी वापर थांबवा, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका. यात आगीचा धोका असतो.

नव्या मशीनवर पहिल्या दिवशी काय करायचं?

पहिलं, बिटलॉकरची रिकव्हरी की शोधून कागदावर लिहून ठेवा. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये डिस्कला आपोआप कुलूप लागलेलं असतं आणि त्याची ४८ आकडी किल्ली तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. पुढे कधी बायोस अपडेट केल्यावर किंवा मदरबोर्ड बदलल्यावर लॅपटॉप ती किल्ली मागतो. नसेल तर डेटा गेला समजा. जगातला कोणताही कारागीर तो परत काढून देऊ शकत नाही.

दुसरं, ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरूनच घ्या, तुमच्या मॉडेलचा नंबर टाकून. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' वाल्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका.

तिसरं, बायोस अपडेट करायचं असेल तर बॅटरी भरलेली, चार्जर लावलेला आणि बिटलॉकर तात्पुरता थांबवलेला हवा. अपडेट अर्ध्यात असताना मशीन बंद पडलं तर ते पुन्हा चालूच होणार नाही, असं होऊ शकतं. वादळवारं सुटलेल्या संध्याकाळी हे काम करू नका.

चौथं, सकाळची एक चाचणी करून वेळ लिहून ठेवा. मशीन नवं असताना किती वेळ लागत होता हे माहीत नसेल, तर पुढे ते बिघडलंय की नाही हे ठरवणार कसं?

अचानक बंद पडतो किंवा निळी स्क्रीन येते

इथे दोन वेगळे प्रकार आहेत, ते आधी ओळखा.

काही न सांगता फाटकन बंद पडला, तर आधी उष्णता, चार्जर आणि बॅटरी तपासा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल पॉवर ४१' अशी नोंद दिसेल. अनेक जण ती बघून घाबरतात. पण तिचा अर्थ एवढाच, की मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं. कारण ती सांगत नाही.

निळी स्क्रीन, किंवा विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीतली काळी स्क्रीन आली, तर त्यावरचा कोड मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. आणि लगेच 'मदरबोर्ड गेला' असं समजू नका. १९ जुलै २०२४ ला जगभरात सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर एकदम निळे झाले होते, विमानतळ ठप्प झाले होते. तेव्हा एकाही मशीनचं हार्डवेअर बिघडलं नव्हतं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका चुकीच्या अपडेटचा तो प्रताप होता.

म्हणून पहिला प्रश्न हा, की काल-परवा काय बदललं? नवा ड्रायव्हर, नवं अपडेट, नवी रॅम? ते मागे घ्या. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप केलं की एक कॅलेंडर उघडतं. कोणत्या दिवशी काय इन्स्टॉल झालं आणि कोणत्या दिवशी काय कोसळलं, हे त्यात शेजारीशेजारी दिसतं.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'व्हीया लॉगर' नावाच्या नोंदी वारंवार दिसल्या, तर मात्र हार्डवेअरचा संशय घ्या. विंडोजचंच मेमरी डायग्नोस्टिक रात्रभर चालू ठेवा. दोन पट्ट्या असतील तर एक-एक काढून बघा. क्रिस्टलडिस्कइन्फोने एसएसडीची तब्येत तपासा. आणि हे सगळं करायच्या आधी डेटाची कॉपी काढा.

सेकंडहँड वर्कस्टेशन घेताय?

मोठ्या कंपन्यांमधून तीन-चार वर्षांनी निघालेली वर्कस्टेशन बाजारात निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. घ्यायला हरकत नाही, पण पैसे द्यायच्या आधी पाच गोष्टी बघा.

- बायोस उघडून बघा. त्याला पासवर्ड असेल तर घेऊ नका.
- इंटरनेट जोडून विंडोज नव्याने टाकायला लावा. एखाद्या कंपनीचं नाव दाखवून लॉगिन मागितलं, तर ते मशीन अजून त्या कंपनीच्या ताब्यात आहे.
- प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा असेल तर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. आणि विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय.
- चार्जर पूर्ण वॅटचा आहे का ते वाचा. नसेल तर त्याची किंमत कमी करून मागा.
- दुकानातच वीस मिनिटं जड काम चालवा. दोन मिनिटांचा डेमो सगळेच लॅपटॉप पास होतात.

शेवटी काय?

१७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या धडकेची लहर पृथ्वीवर आली. ती लहर संपायच्या साधारण एक सेकंद आधी लायगोच्या लिव्हिंगस्टन इथल्या यंत्रात एक मोठा खरखराट झाला. शास्त्रज्ञांनी सगळा डेटा फेकून दिला नाही, की नवीन यंत्र विकत आणलं नाही. त्यांनी खरखराट कुठे आहे ते ओळखलं, तेवढाच बाजूला काढला, आणि त्याखाली लहर तशीच सापडली.

लॅपटॉपची दुरुस्तीही याच चालीने करायची असते. एका वेळी एकच गोष्ट बदला, वेळ मोजा, वहीत लिहा. उष्णता, चार्जर, रॅम, डिस्क, ड्रायव्हर या क्रमाने गेलात तर कुठेतरी खरखराट सापडतोच.

आणि तरीही नाही सापडला, तर दुकानात जाताना ती वही सोबत न्या. "स्लो झालाय" असं सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला नवी रॅम विकली जाते. "सकाळी बारा मिनिटं लागतात, दुपारी एकवीस, आणि विसाव्या मिनिटाला स्पीड पडतो" असं सांगणाऱ्याला कारागीर खुर्ची देतो आणि स्क्रू ड्रायव्हर हातात घेतो.